घड्याळाला किल्ली दिलीत का? – हावियेर मारीआस, आधी भाषांतरकार की आधी कादंबरीकार?

मृण्मयी_द
शुक्रवार, रात्री १०:५२

दोन महिने एकच पुस्तक उशाशी पडलंय. संपत नाही, आणि संपावं असंही वाटत नाही. घरात कोणाला सांगायला गेलं की समोरच्याला अचानक कुकरच्या शिट्ट्या आठवतात, म्हणून इथे धागा काढतेय.

हावियेर मारीआस. स्पॅनिश कादंबरीकार. जन्म माद्रिद, २० सप्टेंबर १९५१. गेले तेही माद्रिदलाच, ११ सप्टेंबर २०२२ ला, न्यूमोनियाने. एकाहत्तरावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. त्यांचं 'कोराथोन तान ब्लांको' (१९९२) वाचतेय. पुस्तकाचं नाव 'मॅक्बेथ'मधून उचललंय. खून झाल्यावर लेडी मॅक्बेथ नवऱ्याला म्हणते, माझेही हात आता तुमच्यासारखेच रंगलेत, पण इतकं पांढरं काळीज मिरवायची मला लाज वाटेल. त्यातलं 'इतकं पांढरं काळीज'.

मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला संध्याकाळच्या बॅचला स्पॅनिश शिकले. तिथे आम्हाला व्याकरणाने इतकं पिळलं की कादंबरीपर्यंत जीव उरेल असं वाटलं नव्हतं. मग या पुस्तकाचं पहिलं वाक्य वाचलं: 'नो ए केरीदो साबेर, पेरो ए साबीदो.' दोन्हीकडे क्रियापद एकच, 'साबेर'. मराठीत करायला बसले आणि हात थांबला. 'मला जाणून घ्यायचं नव्हतं, पण कळलं.' आपल्याकडे जाणून घेणं वेगळं आणि कळणं वेगळं. जाणून आपण घेतो. कळतं ते आपोआप, 'मला कळलं' म्हणताना आपण कर्तेसुद्धा नसतो. एकच क्रियापद दोनदा वापरून आलेली टोचणी मराठीत गेली, पण बदल्यात दुसरंच काही मिळालं, आणि ते गोष्टीला जास्तच शोभतं: या माणसाला बापाचं जुनं गुपित नको असताना कळतं, एवढीच तर कादंबरी आहे.

आता मुद्दा. मारीआस यांची ओळख 'कादंबरीकार, शिवाय भाषांतरही करायचे' अशी करून देतात, म्हणजे मुख्य ताट कादंबरीचं आणि भाषांतर डावीकडची चटणी. मला ते उलट वाटतं. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी या माणसाने लॉरेन्स स्टर्नची 'ट्रिस्ट्रम शँडी' स्पॅनिशमध्ये आणली. मूळ इंग्रजी पुस्तक १७५९ ते १७६७ या काळात नऊ खंडांत निघालं. त्यात नायक जन्मालाच तिसऱ्या खंडात येतो, एक पान पूर्ण काळं आहे, एक कोरं आहे, आणि वाक्य सुरू झालं की कुठल्या गल्लीत शिरेल याचा नेम नाही. स्पॅनिश भाषांतर १९७८ ला आलं आणि त्याला १९७९ चं राष्ट्रीय भाषांतर पारितोषिक मिळालं. तोवर त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्या छापून आल्या होत्या (पहिली १९७१ ला, वय वर्षं एकोणीस), पण ज्याला आपण 'मारीआसचं वाक्य' म्हणतो ते तेव्हा कुठेच नव्हतं. ते स्टर्ननंतर आलं. शिवाय थॉमस हार्डीच्या कथा, कॉनरॅडचं समुद्रावरचं पुस्तक, सतराव्या शतकातला थॉमस ब्राउन, येट्स, स्टीव्हन्सनच्या कविता, हे सगळं त्यांनी पस्तिशीच्या आत करून टाकलं.

त्यांचं वाक्य कसं असतं ते सांगते. एक शब्द येतो, मग 'किंवा' येतो आणि त्याच्या जवळचा दुसरा शब्द, मग 'किंवा खरं तर' आणि तिसरा. काही वाचकांना हा पाल्हाळ वाटतो. मला ते भाषांतरकाराच्या वहीचं पान दिसतं. इंग्रजीतलं एक क्रियापद समोर असतं, वहीत आपण लिहितो: पाहिलं / न्याहाळलं / टक लावली. छापायला जाताना दोन खोडावे लागतात. मारीआस यांनी आपल्या कादंबऱ्यांत ते दोन खोडलेच नाहीत. भाषांतरात जो निर्णय रोज घ्यावा लागला, तो स्वतःच्या पुस्तकात घ्यायचाच नाही असं ठरवल्यासारखं.

कोणी वाचलंय का? पटतंय का? की मला एकटीलाच ताप चढलाय?


पोपट_पिंजऱ्यातला
शुक्रवार, रात्री ११:१०

ताप चढलाय. पण धागा झकास. पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसलोय.


जुना_वाचक
शनिवार, सकाळी ६:३८

धागा उत्तम, पण निष्कर्ष फार घाईचा. लांब, वळणावळणाचं वाक्य स्पेनमध्ये मारीआस यांच्या आधी त्यांचे गुरू ख्वान बेनेत लिहीत होते, आणि बेनेत तर अमेरिकन कादंबरीकार फॉकनरमध्ये बुडालेले. शिष्याने गुरूकडून वाक्य घेतलं, इतकं साधं आहे. त्यासाठी स्टर्नपर्यंत जायची गरज नाही.

दुसरं म्हणजे भाषांतर केल्याने वाक्य लांब होतं असं असतं तर आपले पुलं 'एका कोळियाने' करून हेमिंग्वेसारखे तोडून लिहू लागले असते. नाही लागले. जी.ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या तीन कादंबऱ्या मराठीत आणल्या, 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. त्यानंतर जी.एं.च्या कथेत अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांची कुऱ्हाड ऐकू येते का? मला तरी नाही.


मृण्मयी_द
शनिवार, सकाळी ९:१५

काका, बेनेत मान्य. पण बेनेतचं वाक्य दाट रानासारखं आहे, आत शिरलात की वाट विसरता. मारीआस वाट विसरू देत नाहीत. दर दोन ओळींनी मागे वळून 'मी काय म्हणत होतो' असं विचारल्यासारखा तो चालतो, आणि ही खोड अस्सल स्टर्नची आहे. विषयांतर हाच रस्ता.

पुलंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पुलंनी भाषांतर केलं तेव्हा त्यांचा आवाज पक्का झालेला होता. मारीआस यांनी केलं तेव्हा आवाज फुटायचा होता.


शब्दवेल्हाळ
शनिवार, दुपारी १:२०

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, पोटासाठी. बरीचशी आरोग्य, गुंतवणूक आणि 'यशस्वी कसे व्हाल' छापाची, अधूनमधून कादंबरी. त्यामुळे वहीच्या पानाचं जे लिहिलंय ते वाचून हसू आलं. माझ्या वहीत अगदी अशाच तिरप्या रेघा आहेत.

पण एक दुरुस्ती. त्रास शब्द निवडण्याचा कमी असतो. शब्द सुचतो आपणहोऊन आणि निवड सवयीने जमते. खरा त्रास नात्याचा असतो. इंग्रजी 'यू' हा मेला एकच शब्द. मराठीत आल्याबरोबर विचारतो, मी कोण? तू, तुम्ही की आपण? स्पॅनिशमध्येही 'तू' आणि 'उस्तेद' आहेतच. म्हणजे मारीआस यांना आणि मला दुखतं ते एकाच जागी. 'ट्रिस्ट्रम शँडी'च्या पहिल्याच प्रकरणात नवरा-बायको नको त्या क्षणी असतात आणि बायको मध्येच विचारते की घड्याळाला किल्ली द्यायचं विसरलात तर नाही ना. (दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री किल्ली द्यायची आणि 'ते दुसरं काम'ही त्याच रात्री उरकायचं असा नवऱ्याचा शिरस्ता.) पुढचं सगळं रामायण या एका प्रश्नामुळे. आता मराठी बायको काय म्हणेल?

'अहो, घड्याळाला किल्ली दिलीत का?'

सगळा विनोद 'अहो'त येऊन बसतो. मूळ इंग्रजीत 'माय डिअर' आहे, ते मराठीत कुठलीही बायको म्हणणार नाही, १७६० साली तर नाहीच. आणि 'अहो' मूळात नाही. म्हणजे मी एक शब्द काढला आणि एक घातला. संपादक म्हणतील भाषांतर मोकळं झालंय. मी म्हणेन घट्ट झालंय.


पोपट_पिंजऱ्यातला
शनिवार, दुपारी १:४४

'अगं, आत्ता?' हे नवऱ्याचं उत्तर. हवं तर माझ्याकडून फुकट घ्या.


चाकणचा_दुभाषा
शनिवार, रात्री ९:०५

बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, आज लॉगिनचा पासवर्ड शोधून काढला तो या धाग्यासाठी. मी जपानी-मराठी-हिंदी-इंग्रजी असा चौपदरी दुभाषा आहे, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत. मारीआस वाचलेला नाही. पण मागे कोणीतरी मला या पुस्तकातला एक प्रसंग तोंडी सांगितला होता, त्यात दुभाषा मुद्दाम खोटं भाषांतर करतो. तो हाच का? नीट सांगाल का?


मृण्मयी_द
शनिवार, रात्री ९:४०

हाच! आणि हे तुम्ही विचारावं यापरतं भाग्य नाही.

कथा सांगणारा ख्वान हा दुभाषा. स्पेनचा एक बडा पदाधिकारी आणि ब्रिटनची एक बडी बाई यांची खासगी भेट. कोणाचीच नावं नाहीत, पण त्या काळातली वर्तमानपत्रं आठवणाऱ्याला चेहरे दिसतात. दोघांकडे बोलायला काहीच नाही. लांबलचक शांतता. ख्वानच्या मागच्या खुर्चीत आणखी एक दुभाषी, लुईसा. तिचं काम फक्त ऐकायचं आणि ख्वान चुकला तर टोकायचं. शेवटी स्पेनचे साहेब कसंबसं विचारतात, तुमच्यासाठी चहा मागवू का? आणि ख्वान इंग्रजीत विचारतो, मला सांगा, तुमच्या देशात लोकांचं तुमच्यावर प्रेम आहे का?

मागे लुईसा हादरते. ख्वानला तिच्या पायांची हालचाल जाणवते. पण ती टोकत नाही. बाई थोडं थांबून गंभीरपणे उत्तर देतात, आणि तिथून खरं संभाषण सुरू होतं, प्रेम आणि सक्ती यांच्याबद्दल. पुढे ख्वान आणि लुईसाचं लग्न होतं. म्हणजे त्या दोघांचा संसार तिच्या न टोकण्यावर उभा आहे. मला तर हे मंगळाष्टकांपेक्षा जास्त बंधनकारक वाटतं.


चाकणचा_दुभाषा
शनिवार, रात्री ११:२२

वाचून दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

आता माझं ऐका. कंपनीचं नाव सांगणार नाही, नोकरी चालू आहे. ओसाकाहून दोन पाहुणे आलेले. एका भागाचं माप बसत नव्हतं, अर्ध्या मिलिमीटरचा घोळ. आमचे शॉपवरचे साहेब माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, 'त्या बाबाला सांग, डोळे उघडून ड्रॉइंग काढत जा म्हणावं.' मी जपानीत सांगितलं, 'ड्रॉइंग आपण दोघांनी मिळून पुन्हा एकदा पाहावं अशी आमची विनंती आहे.' पाहुणे वाकले, म्हणाले जरूर. साहेब मला म्हणाले, 'बघ, सरळ बोललं की ऐकतात.'

माझ्या मागे लुईसा नव्हती. पण पाहुण्यांतल्या धाकट्याला थोडं हिंदी येत होतं, हे मला जेवणाच्या वेळी कळलं. त्याने मला ताटात आग्रहाने एक गुलाबजाम जास्त वाढला. बास, तेवढंच. त्यावर आम्ही दोघं कधीही बोललो नाही.


शब्दवेल्हाळ
शनिवार, रात्री ११:३५

हा गुलाबजाम मारीआस यांना मिळायला हवा होता.


माद्रिदवासी
रविवार, दुपारी ४:१२

सहा वर्षं माद्रिदला आहे, आयटी. इथल्या वेळेनुसार दुपारची जेवणं अजून व्हायची आहेत.

आधी उच्चार. इथे 'मारीआस' असंच म्हणतात, मधल्या 'री'वर जोर, त्यामुळे धागाकर्तीला पैकीच्या पैकी. 'हावियेर'मधला 'ह' मात्र आपल्या 'ह'पेक्षा घशात खरखरतो. 'ख' आणि 'ह' यांची पहाटे पाच वाजता भेट व्हावी तसा.

मारीआस जुन्या माद्रिदमध्ये प्लाथा दे ला व्हियाजवळ राहायचे. मी आलो तेव्हा ते हयात होते, पण मला वाचायची अक्कल नंतर आली. शेवटपर्यंत त्यांनी इलेक्ट्रिक टाइपरायटरवर लिहिलं, संगणक वापरला नाही. 'एल पाइस'च्या रविवारच्या पुरवणीत त्यांचा दर आठवड्याला स्तंभ असायचा. गोंगाट, पर्यटक, मिरवणुका, सरकार, सायकलवाले, कोणी म्हणून सुटायचं नाही. माझे शेजारी त्यांना वैतागून वाचायचे आणि न चुकता वाचायचे. आपल्याकडच्या पेपरात वाचकांच्या पत्रव्यवहारात दर आठवड्याला दिसणाऱ्या आजोबांना भरपूर प्रतिभा दिली तर काय होईल, ते.

भाषांतराबद्दल एक गोष्ट राहिलीय. १९८३ ते ८५ ते ऑक्सफर्डला शिकवायला होते आणि नंतर इथल्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठात भाषांतराचा सिद्धान्त शिकवायचे. ऑक्सफर्डवरच्या त्यांच्या कादंबरीतला स्पॅनिश शिक्षक वर्गात अडला की शब्दांच्या व्युत्पत्त्या ठोकून देतो, सरळ मनच्या. कादंबरी १९८९ ची आहे. माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक म्हणतात की ते वाचल्यापासून त्यांनी वर्गात व्युत्पत्ती सांगणंच बंद केलं.


केतकी८८
रविवार, संध्याकाळी ५:३०

प्रश्न जरा बाळबोध आहे, पण कादंबरीकाराने भाषांतर करावंच का? वेळ आहे तर स्वतःचं लिही ना. की पैशासाठी?


मृण्मयी_द
रविवार, संध्याकाळी ६:०२

पैसा हे कारण असतंच, आणि त्यात लाज कसली. पण मारीआस मुलाखतींत सांगायचे की लेखकाला याहून चांगला रियाज नाही. लेखन शिकवायची शाळा काढलीच, तर भाषांतर येणाऱ्यांनाच प्रवेश देईन आणि त्यांच्याकडून तेच करून घेईन, असं त्यांचं म्हणणं. कारण सोपं आहे. जे लिहिणं स्वतःला कधी सुचलं नसतं, ते एकदा आपल्या हाताने आपल्या भाषेत लिहून झालं की हाताला आठवण राहते.

त्यांच्या घरात इंग्रजी कसं आलं तेही ऐक. वडील खुलिआन मारीआस, तत्त्वज्ञ, ओर्तेगा इ गास्सेतचे शिष्य. स्पेनच्या यादवी युद्धानंतर एका मित्रानेच चुगली केली, तुरुंगात गेले. सुटले, पण हुकूमशहा फ्रांकोच्या राज्यात विद्यापीठात शिकवायला बंदी. मग ते शिकवायला अमेरिकेत जायचे, त्यामुळे हावियेर यांच्या लहानपणाचा काही काळ तिकडे गेला. मित्राने केलेला तो घात पुढे 'तू रोस्त्रो मान्याना' या तीन खंडांच्या कादंबरीत (२००२, २००४, २००७) आलाय. तिथला नायक ब्रिटिश गुप्तहेरांसाठी माणसांचं 'भाषांतर' करतो: समोरचा आज काय आहे त्यावरून उद्या काय करेल ते सांगायचं. आणि त्याला प्रत्येक जण वेगळ्या नावाने हाक मारतो, खाकोबो, खाइमे, जॅक. नाव एकच, भाषेगणिक निराळं.


जुना_वाचक
सोमवार, सकाळी ६:२०

हा भाग मला ठाऊक नव्हता. आभार.

पण केतकीताईंच्या प्रश्नाला मारीआस हे एकटं उत्तर नाही. खुलिओ कोर्तासार घ्या. अर्जेंटिनाचा. 'रायुएला' (१९६३) लिहिणारा. १९४८ ला त्याने सरकारमान्य भाषांतरकाराची इंग्रजी आणि फ्रेंचची परीक्षा दिली, तीन वर्षांचा अभ्यास नऊएक महिन्यांत रेटून. त्याचा इतका ताण आला की अन्नात झुरळ असेल या भीतीने घास गिळेना. मग त्यावरच कथा लिहिली आणि भीती गेली, असं तो स्वतः सांगत असे. पुढे पुएर्तो रिको विद्यापीठासाठी एडगर ॲलन पो याचं गद्य स्पॅनिशमध्ये केलं. इटलीत बसून, १९५३-५४ मध्ये. छापून आलं १९५६ ला. आजही स्पॅनिश वाचक पो वाचतो तो बहुधा कोर्तासारच्या आवाजात. पोटापाण्यासाठी पुढे कित्येक वर्षं युनेस्कोत भाषांतर.

आणि अर्जेंटिनाचाच कथाकार बोर्खेस कादंबरीकार नव्हे म्हणून इथे बसत नाही, तरी फॉकनरची 'वाइल्ड पाम्स' त्याने १९४० ला स्पॅनिशमध्ये आणली हे विसरू नये. मूळ कृती भाषांतराशी प्रामाणिक नाही, अशी त्याची एक तिरकी ओळ आहे, बेकफर्डच्या 'वॅथेक'च्या संदर्भात. आमच्या पिढीत ती बरीच मिरवली जायची.


शब्दवेल्हाळ
सोमवार, दुपारी १२:५०

काका, ती ओळ मिरवणाऱ्यांनी कधी भाषांतराचं बिल पाठवलेलं नसतं. मागे एका प्रकाशनसंस्थेला (नाव जाऊ दे) मी कादंबरी करून दिली. मुखपृष्ठावर माझं नाव नाही, आत श्रेयनामावलीत मुद्रितशोधकाच्या खाली. विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, पुस्तक मूळ लेखकाच्या नावावर खपतं.' स्पेनमध्ये १९८७ च्या बौद्धिक संपदा कायद्याने भाषांतरकाराला लेखक मानलं. कायदा आपल्याकडेही आहे, पण तो श्रेयनामावलीच्या पानापर्यंत पोचायला रिक्षा मिळत नाही.

असो. माझा खरा प्रश्न पुस्तकांच्या नावांचा आहे. शेक्सपिअरच्या ओळी स्पॅनिशमध्ये नेऊन त्यांनी शीर्षकं केली. मग तीच पुस्तकं इंग्रजीत जाताना काय होतं?


माद्रिदवासी
सोमवार, रात्री ८:१८

बहुतेक वेळा सरळ घरी परत येतात. 'कोराथोन तान ब्लांको'च्या इंग्रजी अनुवादक मार्गारेट जुल कोस्टा यांना शीर्षक तयारच मिळालं, शेक्सपिअरचे मूळ शब्द परत ठेवून दिले. त्या अनुवादाला १९९७ चं डब्लिनचं आंतरराष्ट्रीय इम्पॅक पारितोषिक मिळालं, आणि ते लेखक-अनुवादक दोघांत वाटलं जातं, हे शब्दवेल्हाळ ताईंसाठी मुद्दाम सांगतोय.

पण एक नाव घरी परत आलंच नाही. 'नेग्रा एस्पाल्दा देल तिएम्पो' (१९९८). 'टेम्पेस्ट'मध्ये प्रॉस्पेरो मुलीला विचारतो, काळाच्या त्या अंधाऱ्या 'बॅकवर्ड'मध्ये आणि खोल दरीत तुला आणखी काय दिसतं? तिथे 'बॅकवर्ड' म्हणजे मागचा, सरून गेलेला भाग. मारीआस यांनी त्याचं केलं 'एस्पाल्दा', म्हणजे चक्क माणसाची पाठ. काळाला पाठ फुटली. मग पुस्तक इंग्रजीत नेताना एस्थर ॲलन यांनी शेक्सपिअरचा शब्द परत आणला नाही, 'डार्क बॅक ऑफ टाइम' केलं. म्हणजे पाठच ठेवली. शेक्सपिअरला स्वतःचीच ओळ ओळखता येऊ नये इतकी ती प्रवासात बदलली.


मृण्मयी_द
सोमवार, रात्री ८:४०

थांबा थांबा. मराठीत करून बघा. 'काळाची काळी पाठ'.

काळ आणि काळी! शेक्सपिअरकडे हे नाही, मारीआसकडे नाही, आपल्याला मात्र हात न लावता मिळालं. मी स्वयंपाकघरात जाऊन एकदा मोठ्याने म्हणून आले.


जुना_वाचक
सोमवार, रात्री ९:०२

फार गोड आहे, म्हणूनच संशय येतो. अनुप्रास आयता मिळाला की शंभरदा तपासावा. 'काळाची काळी पाठ' म्हटलं की मला एखाद्या बोरूबहाद्दराचा कवितासंग्रह दिसतो. पाडगावकरांनी 'टेम्पेस्ट'चं 'वादळ' केलंय, त्यात ही ओळ कशी केलीय ते पाहायला हवं. माझी प्रत माळ्यावर आहे आणि शिडी मुलाने नेलीय.

तसंच 'इतकं पांढरं काळीज'. मराठीत चेहरा पांढरा पडतो, पाय पांढरे असतात (आणि ते ज्या सुनेचे म्हणतात तिचं काही खरं नसतं), पण काळीज पांढरं कधी ऐकलं नाही. लेडी मॅक्बेथ नवऱ्याला भित्रा म्हणतेय. आपल्याकडे भित्र्याचं काळीज सशाचं असतं. शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' लिहिलं ते रंगभूमीसाठी. तिथे प्रेक्षकाला क्षणात कळायला हवं. कादंबरीच्या शीर्षकाला तशी घाई नसते.


चाकणचा_दुभाषा
सोमवार, रात्री १०:३०

'सशाचं काळीज' केलं तर मारीआसची कादंबरी पंचतंत्रात जाऊन बसेल. पांढरंच ठेवा. वाचक अडखळेल, अडखळू दे. जपानी पाहुणे पण अडखळतात, मग स्वतःहून विचारतात. विचारलं की अर्धं काम होतं.


केतकी८८
मंगळवार, सकाळी १०:१५

+१, पांढरंच.

आणि त्यांनी सरकारी बक्षीस नाकारलं होतं ना? कुठेतरी वाचलंय.


माद्रिदवासी
मंगळवार, दुपारी ३:५५

हो, २०१२ ला, 'लोस एनामोरामिएन्तोस' या कादंबरीसाठी. राष्ट्रीय कथात्म साहित्य पारितोषिक, २०,००० युरो. सत्तेवर कुठलाही पक्ष असता तरी नाकारलं असतं, सरकारी पैसा घ्यायचा नाही असं ठरवलंय, हे त्यांचं कारण. गंमत अशी की १९७९ चं भाषांतराचं पारितोषिक घेतलेलं होतं. म्हणजे सरकारने दिलेला आणि यांनी ठेवून घेतलेला मोठा मान भाषांतरकार म्हणूनचा. धागाकर्तीच्या बाजूने हा पुरावा नोंदवून घ्या.


जुना_वाचक
मंगळवार, संध्याकाळी ७:१०

पुरावा नव्हे, योगायोग. पण नोंदवून घ्या.

बाकी मृण्मयीताई, शनिवारपासून तुमचं ते 'किंवा, किंवा खरं तर' डोक्यात बसलंय. काल बँकेचा अर्ज भरताना 'व्यवसाय' या रकान्यात 'निवृत्त' लिहिलं, आणि पुढे स्वल्पविराम देऊन हात थांबला. इंग्रजी प्रत असेल तर वाचीन म्हणतो. स्पॅनिश या वयात नाही.


मृण्मयी_द
मंगळवार, रात्री ९:३३

काका, जुल कोस्टा यांची इंग्रजी प्रत आहे माझ्याकडे, अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांत मिळालेली. रविवारी न्या. दुभाष्याचा प्रसंग येईपर्यंतच्या पेन्सिलच्या खुणा माझ्या आहेत. पुढच्या निळ्या शाईतल्या कोणाच्या ते माहीत नाही, पण चहाच्या वाक्याशेजारी त्या माणसाने फक्त एवढंच लिहिलंय: 'साखर?'


पोपट_पिंजऱ्यातला
मंगळवार, रात्री ९:३५

अर्धा चमचा.